टीबीएस निघतो पण प्रॉडक्ट हातात येत नाही: टीबॅफची नेहमीची अडचण

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी ज्युनियर फ्लास्क हातात घेऊन माझ्या हुडपाशी येतं आणि वाक्य जवळपास तेच असतं, "ताई, टीबॅफ टाकलं, प्लेटवर स्टार्टिंग मटेरियल संपलं, पण प्रॉडक्ट कुठाय?" टीबॅफ म्हणजे अल्कोहोलचं ओएच झाकून ठेवायला लावलेला टीबीएस हा सिलिकॉनचा गट शेवटी काढणारं रसायन, आणि प्लेट म्हणजे रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते दाखवणारी टीएलसी प्लेट. कधी क्रूडचं, म्हणजे साफ न केलेल्या मालाचं, वजन अपेक्षेच्या दीडशे टक्के भरतं, कधी कॉलम करून वीस टक्के हातात येतं, कधी एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूतले प्रोटॉन दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये, भलतंच काहीतरी दिसतं. सिंथेसिसच्या शेवटच्या स्टेपला हे झालं की फार जीवावर येतं, कारण त्याच्या मागे चौदा-पंधरा स्टेप्स आणि सहा-आठ महिने असतात. म्हणून हे एकदा नीट सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी कोणी विचारलं तर हेच पाठवीन.

आधी मुळातली गोष्ट. अल्कोहोलवर टीबीएस म्हणजे टर्ट-ब्युटिलडायमिथाइलसिलिल (अशा सिलिकॉनच्या गटांना सिलिल म्हणतात) लावायचा हा प्रकार कोरी आणि वेंकटेश्वरलू यांनी १९७२ मध्ये दिला, टीबीएस क्लोराइड, इमिडाझोल आणि डीएमएफ हे सॉल्व्हंट, आणि काढायला टेट्राब्युटिलअमोनियम फ्लोराइड, म्हणजे आपलं टीबॅफ, टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये. पन्नास वर्षं झाली तरी अजून आपण तेच करतो कारण ते खरंच छान चालतं. सिलिकॉन-ऑक्सिजनचा बाँड साधारण ११० किलोकॅलरीचा, सिलिकॉन-फ्लोरिनचा साधारण १३५ चा, म्हणजे फ्लोराइड दिसलं की सिलिकॉन ऑक्सिजनला सोडून तिकडे जाणारच. सिलिकॉनला कार्बनसारखी चारच हातांची सक्ती नाही, फ्लोराइड येऊन पाचवा हात धरतं, मग अल्कॉक्साइड सुटतं.

आता इथेच सगळी मेख आहे. सुटतं ते अल्कॉक्साइड, अल्कोहोल नाही. आणि टीएचएफमधलं फ्लोराइड स्वतःसुद्धा साधंसुधं नाही, एचएफचा पीकेए (जितका जास्त तितकं अ‍ॅसिड सौम्य) पाण्यात ३.२ असला तरी डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये १५ आहे, म्हणजे पाणी कमी असलं की फ्लोराइड चांगलाच बेस, म्हणजे प्रोटॉन ओढणारा, होतो. आपण डोक्यात "फ्लोराइड म्हणजे सिलिल काढणारं" एवढंच धरून बसतो आणि फ्लास्कमध्ये आपण एक बेस पण टाकलाय हे विसरतो. माझ्या अनुभवात टीबॅफच्या दहातल्या सात तक्रारी ह्या बेसच्या असतात, दोन साफ करण्याच्या असतात आणि एखादीच खरोखर सिलिल न निघण्याची असते, पण सगळेजण उपाय मात्र त्या एका तक्रारीचाच करतात, अजून दोन इक्विव्हॅलंट (मालाच्या एका रेणूमागे टीबॅफचे दोन) टाकतात आणि रात्रभर ठेवतात. तिथेच माल जातो.

म्हणून पहिलं काम, काहीही नवीन टाकण्याआधी नक्की काय बिघडलंय ते बघा.

प्लेट कशी बघायची ते आधी सांगते कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. रिअ‍ॅक्शनमधून थेंब काढून थेट प्लेटवर मारला तर टीबॅफचं मीठ आणि टीएचएफ मिळून स्पॉट खालपासून वर घासत जातो आणि काहीच कळत नाही. एका छोट्या व्हायलमध्ये दोन थेंब घ्या, त्यात थोडं इथाइल अ‍ॅसिटेट आणि थोडं सॅच्युरेटेड अमोनियम क्लोराइड टाका, हलवा, वरचा थर मारा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पहिली प्लेट पाच मिनिटांनी, मग पंधरा, मग तीस. फिनॉलवरचा टीबीएस शून्य डिग्रीला पाच-दहा मिनिटांत जातो, प्रायमरी अल्कोहोलवरचा साधारण तासाभरात, सेकंडरीवरचा थोडा जास्त. रात्रभर ठेवायची सवय सोडा, रिअ‍ॅक्शन संपल्यावर पुढचे दहा तास फ्लास्कमध्ये फक्त बेस आणि तुमचं प्रॉडक्ट एकत्र बसलेले असतात.

समजा स्टार्टिंग मटेरियल गेलं, अपेक्षित पोलर स्पॉट फिका दिसतोय आणि त्याच्या वर यूव्हीमध्ये एक झगझगीत नवा स्पॉट आलाय जो आधी नव्हता. हे दिसलं की मी सगळ्यात आधी विचारते, सिलिल लावलेला ऑक्सिजन कुठे आहे, कार्बोनिलच्या बीटाला, म्हणजे त्यापासून दुसऱ्या कार्बनवर, आहे का? असेल तर उत्तर मिळालं. आल्डॉल रिअ‍ॅक्शन करून आलेलं ओएच, त्यावर टीबीएस लावून जपलेला, आणि शेवटी टीबॅफने काढायला गेलो की अल्फा, म्हणजे कार्बोनिलशेजारचा, प्रोटॉन उचलला जातो आणि ऑक्सिजन निघून जातो, ईनोन, म्हणजे कार्बोनिलला लागून डबल बाँड, हातात. मी स्वतः असे १२० मिलिग्रॅम घालवलेत. दीड इक्विव्हॅलंट टीबॅफ, रूम टेंपरेचर, संध्याकाळी लावली आणि सकाळी बघितली. क्रूडच्या एनएमआरमध्ये ६.१ आणि ६.८ पीपीएमला दोन सुंदर पीक, कपलिंग १६ हर्ट्झ, ट्रान्स ईनोन. त्या सेंटरची स्टिरिओकेमिस्ट्री बसवायला तीन महिने गेले होते आणि ते सेंटरच उरलं नव्हतं. त्या दिवशी मी हुड बंद करून बाहेर जाऊन बसले, खरंच वाईट वाटलं होतं.

याच्यावर उपाय तीन आहेत, आणि मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने सांगते. पहिला, टीबॅफला अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने आवरायचं. टीबॅफ आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड एकास एक आधीच टीएचएफमध्ये मिसळून घ्यायचे आणि मग ते मिश्रण टाकायचं. आधी टीबॅफ टाकून मग अ‍ॅसिड टाकण्यात अर्थ नाही कारण मधल्या दोन मिनिटांत जे व्हायचं ते होऊन जातं. हे हळू चालतं, काही वेळा रात्रभर लागतं, इथे रात्रभर चालेल. दुसरा, ट्रायइथाइलअमाइन ट्रायहायड्रोफ्लोराइड, हे टीबॅफपेक्षा बरंच सौम्य आणि हाताळायला एचएफ-पिरिडीनपेक्षा बरं. तिसरा, एचएफ-पिरिडीन, थोडं जास्तीचं पिरिडीन घालून, टीएचएफमध्ये, शून्यापासून सुरू करून. माझं ते बीटावालं शेवटी यानेच निघालं.

एचएफ-पिरिडीनबद्दल इथे थांबून बोलायलाच हवं. त्या बाटलीत साधारण सत्तर टक्के एचएफ असतं. काच खातं, म्हणून प्लास्टिकचीच व्हायल, पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉन, सिरिंज पण प्लास्टिकची. अंगावर पडलं तर लगेच दुखेलच असं नाही, आणि तेच जास्त धोक्याचं, आत शिरून कॅल्शियम ओढून घेतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हुडशेजारी ठेवलेलं असल्याशिवाय बाटली उघडायची नाही, जेलची एक्सपायरी बघून ठेवायची, आणि लॅबमध्ये एकटं असताना तर अजिबात नाही. थेंब पडल्याचा संशय जरी आला तरी भरपूर पाण्याने धुवायचं, जेल लावायचं आणि दवाखान्यात जायचंच, दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. माझ्या ओळखीत एका लॅबमध्ये जेलची ट्यूब होती पण दोन वर्षांपूर्वीच एक्सपायर झालेली होती, हे कळलं तेही गरज पडली तेव्हा. क्वेंच करायला, म्हणजे उरलेलं एचएफ मारायला, सॅच्युरेटेड बायकार्ब थेंबाथेंबाने, फेस येतो, घाई नको. मोठं वर्कअप टाळायचं असेल तर मिथॉक्सीट्रायमिथाइलसिलेन टाकता येतं, उरलेलं एचएफ ट्रायमिथाइलसिलिल फ्लोराइड होऊन उडून जातं, त्याचा बॉइलिंग पॉइंट १६ डिग्रीच आहे.

अ‍ॅसिडने काढायचा रस्ताही आहेच आणि तो आपण उगाच विसरतो. मिथेनॉल आणि डायक्लोरोमिथेन म्हणजे डीसीएममध्ये थोडं सीएसए (कॅम्फरसल्फॉनिक अ‍ॅसिड) शून्य डिग्रीला, किंवा इथेनॉलमध्ये पीपीटीएस हे सौम्य अ‍ॅसिड, किंवा अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड-टीएचएफ-पाणी. प्रायमरी टीबीएस काढायचा आणि सेकंडरी ठेवायचा असेल तर मी टीबॅफकडे बघतच नाही, सीएसएच वापरते. फक्त तुमच्या रेणूत अ‍ॅसिटोनाइड, टीएचपी किंवा ट्रिटिल असे अ‍ॅसिडने निघणारे गट असतील तर हा रस्ता बंद. अ‍ॅसिडला कोण किती टिकतं याचा अंदाज असावा म्हणून सांगते, हे सगळे वेगवेगळे सिलिल, त्यात टीएमएस १ धरला तर टीईएस साधारण ६४, टीबीएस २० हजार, टिप्स ७ लाख आणि टीबीडीपीएस ५० लाख. हे आकडे बघितले की दोन वेगळे सिलिल लावताना पुढे कोण आधी काढायचा याचा विचार आपोआप सुरुवातीलाच होतो, शेवटी डोकं धरून बसावं लागत नाही.

दुसरी तक्रार जरा फसवी असते. प्लेटवर एकाऐवजी जवळजवळ दोन स्पॉट, मास दोघांचं सारखंच. लोक म्हणतात डायस्टिरिओमर झाले, एपिमराइज झालं, म्हणजे एखाद्या सेंटरची दिशा उलटली. होऊ शकतं, पण शेजारी मोकळं हायड्रॉक्सिल असेल आणि रेणूत अजून एक सिलिल शिल्लक ठेवायचा असेल तर आधी मायग्रेशन, म्हणजे सिलिलने जागा बदलणं, तपासा. अल्कॉक्साइड तयार झालं की ते शेजारच्या ऑक्सिजनवरच्या सिलिकॉनला पकडतं, पुन्हा तोच पाच हातांचा सिलिकॉन, आणि सिलिल एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उडी मारतो. १,२ डायॉलमध्ये तर पटकन, १,३ मध्ये पण होतं. ओळखायची सोपी युक्ती, दोन्ही स्पॉट वेगळे करा, प्रत्येकाचे दोन-तीन मिलिग्रॅम घेऊन अ‍ॅसिटिलेट करा आणि एनएमआर काढा. ज्या कार्बनवर मोकळं ओएच होतं त्याचा प्रोटॉन जास्त पीपीएमकडे सरकतो, सीएच असेल तर जवळपास १ पीपीएमने, ३.९ चा ५ च्या आसपास, सीएचटू असेल तर ३.६ चा ४.१ च्या आसपास. कुठला सरकला त्यावरून सिलिल कुठे बसलाय ते कळतं, वाद संपतो. उपाय पुन्हा तोच, बेसिक कंडिशन सोडा, अ‍ॅसिडिक फ्लोराइड किंवा अ‍ॅसिड घ्या, थंड ठेवा, आणि वेळ कमी. अ‍ॅसिडमध्ये पण मायग्रेशन होत नाही असं नाही, पण बेसइतकं सहज नाही. एस्टर शेजारी असेल तर असाच अ‍ॅसिटेट किंवा बेंझोएट पण सरकतो, ते डोक्यात असू द्या.

आता ते दीडशे टक्के वजन. यात रिअ‍ॅक्शनची काहीच चूक नसते, प्रॉडक्ट छान झालेलं असतं, फक्त त्यात टेट्राब्युटिलअमोनियम भरलेलं असतं. एनएमआरमध्ये ३.३ च्या आसपास आठ प्रोटॉन, मग १.६५ आणि १.४५ ला आठ-आठ, आणि १.० ला बारा प्रोटॉनचा ट्रिप्लेट, हे चार दिसले की समजायचं. ३.३ चं इंटिग्रेशन आठने भागा आणि तुमच्या एका स्वच्छ प्रोटॉनशी ताडून बघा, किती इक्विव्हॅलंट मीठ उरलंय ते लगेच कळतं. नुसत्या अमोनियमचंच मॉलिक्युलर वेट २४२ आहे, त्यामुळे ३०० च्या रेणूत एक इक्विव्हॅलंट राहिलं तरी जवळपास निम्मं वजन त्याचंच. हे मी मुद्दाम लिहितेय कारण "यील्ड ९२ टक्के" असं लिहिलेल्या वहीत मी हे चार पीक बघितलेत आणि पुढची रिअ‍ॅक्शन का चालत नाही म्हणून दोन आठवडे शोध चाललेला होता.

साफ कसं करायचं? प्रॉडक्ट फार पोलर नसेल तर डीसीएमने एक्स्ट्रॅक्ट करू नका, ही मीठं डीसीएममध्ये आरामात विरघळतात आणि सोबत येतात. ईथर किंवा इथाइल अ‍ॅसिटेट-हेक्सेन घ्या, अमोनियम क्लोराइडने एकदा आणि मग पाण्याने तीन-चार वेळा धुवा, मग सिलिकाच्या छोट्या पॅडमधून काढा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. पण डायॉल-ट्रायॉल असेल, कॉलमला डीसीएम-मिथेनॉल लागत असेल, तर पाण्याने धुतलं की माल पाण्यात जातो आणि नाही धुतलं की मीठ कॉलमवर माल सोडत नाही, दोन्हीकडून कोंडी. इथे काबुरागी आणि किशी यांनी २००७ मध्ये दिलेली पद्धत वापरा, ती मला या सगळ्या प्रकारातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते. हार्वर्डमध्ये हॅलिकॉन्ड्रिन या गुंतागुंतीच्या नैसर्गिक रेणूवर काम करताना त्यांनी ती काढली, तिथे रेणू इतका पोलर आणि इतका मौल्यवान की एक थेंब पाण्यात जाणं परवडत नाही.

करायचं एवढंच, रिअ‍ॅक्शन संपली की त्याच फ्लास्कमध्ये कॅल्शियम कार्बोनेट, डाउएक्स ५० डब्ल्यूएक्स८ हे अ‍ॅसिड फॉर्ममधलं रेझिन आणि मिथेनॉल टाका, तासभर हलवत ठेवा, सेलाइट या गाळायच्या पावडरवरून गाळा, मिथेनॉलने धुवा, मग रोटरी इव्हॅपोरेटरवर मिथेनॉल उडवा. पाणी नाही, सेपरेटिंग फनेल नाही. आत काय होतं ते बघितलं की युक्ती किती साधी आहे ते कळतं: रेझिन आपला प्रोटॉन देऊन टेट्राब्युटिलअमोनियम पकडून ठेवतं, त्यातून जे एचएफ सुटतं ते कॅल्शियम कार्बोनेट खातं, कॅल्शियम फ्लोराइड होतं जे कशातच विरघळत नाही. दोन्ही घाण घन स्वरूपात फिल्टरवर राहते. रेझिन हात सैल ठेवून टाका, सुक्या रेझिनच्या एका ग्रॅमला साधारण चार-पाच मिलिमोल कॅटायन पकडता येतो पण बाटलीतलं रेझिन ओलं असतं म्हणून हिशोबापेक्षा दोन-तीनपट घ्या. आधी मिथेनॉलने रेझिन नीट धुवून घ्या, नाहीतर त्याचा पिवळा रंग मालात येतो. आणि रेणूत अमाइन असेल तर ही पद्धत नको, तुमचा मालच रेझिनवर बसेल.

साफसफाईवरून अजून एक. टीबीएसचे उरलेले तुकडे, सिलॅनॉल आणि फ्लोराइड, हाय व्हॅक्यूमवर बऱ्यापैकी निघून जातात, पण टीबीडीपीएस काढलात तर त्याचा सिलॅनॉल कुठे जात नाही. यूव्हीमध्ये ठळक स्पॉट, एनएमआरमध्ये ७.४ आणि ७.७ ला अरोमॅटिक, १.०७ ला नऊ प्रोटॉनचा सिंगलेट. तुमच्या रेणूत यूव्ही नसेल तर हा स्पॉटच प्रॉडक्ट समजून कॉलममधून गोळा करतात आणि खरं प्रॉडक्ट फ्लशमध्ये जातं. प्लेट परमँगनेटमध्ये बुडवून बघितल्याशिवाय फ्रॅक्शन फेकू नका. आणि ०.०७ पीपीएमला एकटाच सिंगलेट दिसला तर "टीबीएस अजून आहे" म्हणून घाबरू नका, ते जॉइंटचं सिलिकोन ग्रीस आहे, टीबीएस असता तर ०.९ ला नऊ प्रोटॉनचा सिंगलेट सोबत असताच आणि दोघांचं प्रमाण नऊला सहा आलं असतं.

राहिली ती खरीखुरी केस, सिलिल निघतच नाही. टर्शरी अल्कोहोल, किंवा शेजारी क्वाटर्नरी कार्बन, गर्दीची जागा. इथे पाण्याचा हिशोब करा. बाजारात मिळणाऱ्या १ मोलर टीबॅफमध्ये वजनाने साधारण पाच टक्के पाणी असतं, म्हणजे एका फ्लोराइडमागे अडीच पाण्याचे रेणू त्याला घेरून बसलेले. घन स्वरूपातलं तर ट्रायहायड्रेटच असतं. आणि पावसाळ्यात पुण्या-मुंबईत सेप्टमला, म्हणजे रबरी झाकणाला, दहा भोकं पडलेली बाटली असेल तर यापेक्षा जास्तच. पाण्याने घेरलेलं फ्लोराइड मंद होतं. "मग मी टीबॅफ व्हॅक्यूमवर गरम करून सुकवते" असं एकीने मला विचारलं होतं, ते करू नका, पाणी गेलं की फ्लोराइड आपल्याच ब्युटिल गटाचा प्रोटॉन उचलतं, हॉफमन एलिमिनेशन होऊन ट्रायब्युटिलअमाइन आणि ब्युटीन तयार होतं आणि उरतं ते बायफ्लोराइड. शर्मा आणि फ्राय यांनी १९८३ मध्येच हे दाखवून ठेवलंय.

त्यापेक्षा रिअ‍ॅक्शनमध्ये सुकवलेल्या ४ अँगस्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्ह्जची, म्हणजे पाणी शोषणाऱ्या दाण्यांची, पावडर टाका, कॉन्सन्ट्रेशन वाढवा, ०.१ मोलरवर असाल तर ०.५ वर या, नवीन बाटली उघडा, आणि मग ४०-५० डिग्री. हे करताना पुन्हा एकदा आठवण, पाणी कमी केलं म्हणजे बेस कडक केला, त्यामुळे बेसला नाजूक असं काही रेणूत असेल तर हा रस्ता नको. तेव्हा डीएमएफमध्ये टीएएसएफ हे दुसरं फ्लोराइडचं मीठ बघा, किंवा एचएफ-पिरिडीन जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ.

आणि काही ठिकाणी टीबॅफ लागतच नाही. टोकाच्या अल्काइनवरचा टीएमएस काढायला मिथेनॉलमध्ये पोटॅशियम कार्बोनेट पुरतं, फिल्टर करा, झालं. फिनॉलवरचा टीबीएस सुद्धा बेसने निघतो कारण फिनॉक्साइड सहज सुटतं, त्याला अमोनियमचं मीठ गळ्यात घेण्याची गरज नाही. कॅटेकॉल (शेजारी-शेजारी दोन ओएच असलेलं फिनॉल) असेल तर मात्र डीगॅस करा, म्हणजे हवा काढून टाका, आणि अमोनियम क्लोराइडने ताबडतोब क्वेंच करा, बेसमध्ये हवा लागली की अर्ध्या तासात फ्लास्क चहासारखा होतो आणि मग त्यातून काही काढता येत नाही.

मी आता सवयच लावून घेतली आहे, शेवटच्या स्टेपचं टीबॅफ आधी दोन मिलिग्रॅमवर, एनएमआर ट्यूबमध्ये किंवा छोट्या व्हायलमध्ये. पाच, पंधरा, तीस मिनिटांच्या तीन प्लेट, एक क्रूड प्रोटॉन, आणि त्यात ५ ते ७ पीपीएमचा भाग आणि ३.३ चा भाग आधी बघायचा. नवीन मुलांना पण तेच करायला लावते, एक दिवस जास्त जातो. तुमच्याकडे असं काही अडकलं असेल तर विचारताना सिलिल कुठला, अल्कोहोल प्रायमरी की सेकंडरी, शेजारी काय आहे, टीबॅफची बाटली कधी उघडली आणि किती वेळ ठेवलं एवढं सांगा, आणि क्रूडचा एनएमआर कॉलमच्या आधीचा द्या, नंतरचा नको.